जुन्नर सायकलवरून : यादीतून सुटलेले थांबे

दिवाळीच्या सुट्टीआधीची गोष्ट. नववीच्या मुलांना घेऊन तीन दिवसांची सायकल सहल काढायची, असं शाळेत ठरलं. गाव जुन्नर. पीटीच्या सरांनी स्टाफरूमच्या टेबलावर कागद पसरला आणि थांबे लिहून काढले : शिवनेरी, लेण्याद्री, ओझर, नाणेघाट. खाली एकूण किलोमीटर, जेवणाची सोय, मुक्काम. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो, त्यामुळे मुलांना इतिहास सांगायचं काम माझ्याकडं आलं. यादीत चुकीचं काहीच नव्हतं. जुन्नरला जाणारा बहुतेक जण याच चार ठिकाणी जातो आणि परत येतो.

त्याच संध्याकाळी एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा फोन आला. त्यांचं गॅरेज आहे. सलाम-दुआ झाली. मग म्हणाले, “सर, पोराला पाठवतो. पैसेही भरतो. फक्त एक विचारायचं होतं. गडावर जाणार ना तुम्ही? सध्याचं वातावरण बघताच आहात. टोपी घरी ठेवून यायला सांगू का त्याला?”

मला लगेच उत्तर देता आलं नाही. “बघून कळवतो भाई,” एवढंच म्हणालो आणि फोन ठेवला. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. बाप म्हणून एक काळजी होती आणि ती त्यांनी अगदी साध्या शब्दांत विचारली. पण रात्रभर तो प्रश्न डोक्यात राहिला. ज्या गावाच्या मातीत आपल्या किती पिढ्यांचे हात लागलेत, तिथं जाताना आपल्या मुलानं काय लपवून जायचं, असा तो प्रश्न होता.

सहलीआधी मी आणि पीटीचे सर दोघं सायकली घेऊन तीन दिवस पाहणीला गेलो. त्यातून जो आराखडा तयार झाला, तो इथं देतो. ज्यांना सायकलवरून हे गाव बघायचंय त्यांना तो उपयोगी पडेल. ज्यांना बघायचं नाही त्यांनीही वाचावा, कारण यात किलोमीटर कमी आणि माणसं जास्त आहेत.

नदी, डोंगर आणि जुनं गाव

जुन्नर हे कुकडी नदीकाठचं तालुक्याचं गाव. पुण्यापासून साधारण ९५ किलोमीटर. ‘जीर्णनगर’ म्हणजे जुनं गाव, यावरून हे नाव आलं असं सांगतात. कुकडी पश्चिमेला नाणेघाटाजवळ पूर गावात, कुकडेश्वराच्या मंदिरापाशी उगम पावते. माणिकडोहच्या धरणात थांबते, जुन्नरजवळून पूर्वेला वाहते आणि पुढं घोड नदीला मिळते. घोड भीमेला, भीमा कृष्णेला. गावाच्या पश्चिम अंगाला शिवनेरी, दक्षिणेला मानमोडीचा डोंगर, नदी ओलांडून उत्तरेला लेण्याद्री. या डोंगरांत मिळून दोनशेहून जास्त कोरीव लेणी आहेत.

२०१८ मध्ये राज्य सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोच्या यादीत मराठा लष्करी स्थापत्याचे १२ किल्ले गेले, त्यात शिवनेरीही आहे. त्यामुळे यापुढं इथं गर्दी वाढणार, फलक वाढणार, सहलींचे आराखडेही वाढणार. म्हणूनच आराखडा कोण काढतो आणि त्यात काय घेतो, हे आत्ताच बोलायला हवं. चारचाकीतून येणारा माणूस फलकावर असेल तेवढंच बघतो. सायकलवाल्याला दोन फलकांच्या मधलंही दिसतं. कुठं पडकी कमान, कुठं बांधावरचं थडगं, कुठं एखाद्या वस्तीचं नाव. तो ताशी दहा-बारा किलोमीटरनं चाललेला असतो आणि तहान लागली की थांबतो.

पहिला दिवस : हापूसबाग आणि कागदवाले

आमचा पहिला दिवस शुक्रवारचा. सायकली टेम्पोत टाकून सकाळी निघायचं, दुपारपर्यंत जुन्नर गाठायचं. ज्यांना जुम्मा पढायचा त्यांनी गावातल्या मशिदीत पढायचा, बाकीच्यांनी तोवर सायकलींची हवा आणि ब्रेक तपासायचे. तीनच्या सुमाराला गावातून पूर्वेला, हापूसबागेकडं. अंतर जेमतेम दोन किलोमीटर. रस्ता जवळपास सपाट, दोन्ही बाजूंना मळे. पाय मोकळे करायला उत्तम.

‘हापूसबाग’ ऐकून मुलांना आंबा आठवणार. गावातली माणसं मात्र सांगतात की हे मूळचं ‘हबशी बाग’. बोलता बोलता हबशीचं हापूस झालं. या बाजूला सौदागर घुमट उभा आहे. चौकोनी दगडी इमारत, भिंतींवर कमानींच्या ओळी, वर मोठा घुमट, आत थडगी. सौदागर म्हणजे व्यापारी. संध्याकाळचं ऊन भिंतीवर तिरकं पडतं तेव्हा कमानींचं कोरीवकाम उठून दिसतं. आम्ही गेलो तेव्हा तिथं आमच्याशिवाय एक गुराखी होता, बाकी कुणी नाही.

हबशी इथं आले कसे, हे मुलांना इथंच बसून सांगायचं ठरवलंय. बहामनी राज्य खिळखिळं झालं तेव्हा जुन्नरचा कारभार मलिक अहमदकडं होता. १४९० मध्ये त्यानं इथूनच स्वतंत्र कारभार सुरू केला. ही निजामशाहीची सुरुवात. सीना नदीकाठी अहमदनगर वसवायला त्यानं १४९४ मध्ये घेतलं. म्हणजे नगरच्या आधी निजामशाहीचं घर जुन्नर. या मलिक अहमदचा बाप मलिक हसन बहिरी, बहामनींचा वजीर. तो जन्मानं ब्राह्मण घरातला होता आणि घराणं पाथरीचं होतं, असं फरिश्ता सांगतो. दख्खनच्या सुलतानांना ‘बाहेरून आलेले’ म्हणून एका वाक्यात निकाली काढणाऱ्यांनी हे नाव लक्षात ठेवावं.

पुढं १६०० मध्ये मुघलांनी अहमदनगरचा किल्ला घेतला. निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं, तेव्हा उभा राहिला मलिक अंबर. इथिओपियात जन्मलेला, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादच्या बाजारातून दख्खनला आलेला माणूस. त्यानं निजामशाही घराण्यातल्या एकाला गादीवर बसवलं आणि राज्य पुन्हा बांधलं. १६०७ च्या सुमाराला राजधानी जुन्नरला आणली. १६१० नंतर ती दौलताबादला गेली आणि त्यानं शेजारी खडकी वसवली, तेच पुढं औरंगाबाद झालं. १६२६ मध्ये मरेपर्यंत त्यानं मुघलांना दख्खनमध्ये सुखानं बसू दिलं नाही. त्याच्या फौजेत हबशी होते तसे मराठेही होते. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे भोसले त्याच्याच बाजूनं लढले. झटपट हल्ला करून डोंगरात पसार होण्याची जी लढाई आपण पुढं शिवकाळात वाचतो, तिचा सराव या डोंगरांत आधी या हबशी वजिराच्या आणि त्याच्या मराठा सरदारांच्या हाताखाली झालेला होता.

परतताना गावात शिरलं की दुसरा थांबा. इथं बघायला काही उरलेलं नाही, पण थांबायचंच. जुन्नर एके काळी कागदासाठी प्रसिद्ध होतं. ‘जुन्नरी’ ही कागदाची एक नावाजलेली जात होती. तो बनवणारे कागदी हे मुसलमान कारागीर. जुनी गोणपाटं, दोरखंडांचे तुकडे भिजवायचे, चुन्यात मुरवायचे, कुटायचे, नदीच्या पाण्यात पुन्हा पुन्हा धुवायचे. मग तो लगदा हौदात कालवून गवताच्या चाळणीवर पातळ थर उचलायचा, दाबून पाणी काढायचं, भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचा. कुकडीच्या पाण्याला या धंद्यात मोठं काम होतं.

या कागदावर काय लिहिलं गेलं? मराठी. मोडी लिपीतले हिशेब, वतनाची पत्रं, निवाडे, दफ्तरं. पेशवाईत पुण्यातला कारकून ज्या कागदावर कलम टेकवत होता, तो कित्येकदा जुन्नरच्या एखाद्या कागदी घरातल्या बाईनं वाळवलेला आणि बाप्यानं घोटलेला असायचा. मी वर्गात फळ्यावर नेहमी एक यादी लिहितो : कागद, कलम, शाई, दौत, दस्ता, दफ्तर, तारीख. मग विचारतो, यातले मराठी शब्द कोणते आणि उर्दू कोणते? मुलं आधी वाटणी करायला लागतात. थोड्या वेळानं थांबतात, कारण वाटणी होत नाही. मूळ फारसी-अरबी असेल, पण ज्ञानेश्वरांच्या प्रदेशातल्या कुठल्याही शेतकऱ्याला यातला एकही शब्द समजावून सांगावा लागत नाही. गिरणीचा कागद आला आणि हा धंदा बसला. कारागिरांची पोरं दुसऱ्या कामांना लागली. पण महाराष्ट्राच्या दफ्तरखान्यांत त्यांचं काम अजून शाबूत आहे. त्यावर त्यांची सही मात्र नाही.

दुसरा दिवस, सकाळ : शिवनेरी

पायथा गावापासून दोन-तीन किलोमीटर. शेवटचा चढ जरा दमवतो. सायकली खाली लावायच्या आणि सकाळी लवकर चढायला लागायचं. पायऱ्यांची वाट चांगली आहे, सात दरवाजे लागतात. मुलांना मी दरवाज्यांची नावं वहीत लिहायला सांगणार आहे : महादरवाजा, पीर दरवाजा, परवानगीचा दरवाजा, हत्ती दरवाजा, शिपाई दरवाजा, फाटक दरवाजा, कुलाबकर दरवाजा. नुसती नावं वाचली तरी तीन-चार भाषा एका रांगेत उभ्या राहतात. एका दरवाज्याला पिराचं नाव आहे आणि त्याच वाटेवर गडाची देवता शिवाई आहे. ज्या देवीवरून शिवरायांचं नाव ठेवलं असं मानतात, तीच ही शिवाई.

१९ फेब्रुवारी १६३० ला शिवरायांचा जन्म या गडावर झाला, तेव्हा गड निजामशाहीतला होता. त्यांचे वडील त्या राज्यातले मोठे सरदार होते. दौलताबाद १६३३ मध्ये पडलं, तरी शहाजीराजांनी निजामशाही घराण्यातल्या एका लहान मुलाला गादीवर बसवून राज्य तीन वर्षं चालवलं. १६३६ मध्ये माहुलीच्या किल्ल्यावर त्यांना मुघल आणि आदिलशाही फौजांपुढं हत्यार ठेवावं लागलं. एका मुसलमान राजघराण्याचा शेवटचा राखणदार एक भोसले होता, हे वाक्य मी वर्गात म्हटलं की दोन्हीकडची मुलं मान वर करून बघतात.

माथ्यावर गेलं की कमानी मशीद दिसते. दोन मिनार आणि त्यांना जोडणारी उंच कमान. आकाशाच्या पार्श्वभूमीवर ती फार देखणी दिसते. येणारे बरेच जण तिच्यासमोर फोटो काढतात, पण ती काय आहे हे फार थोड्यांना माहीत असतं. आमच्यासमोरच एका काकांनी नातवाला “हा विजयस्तंभ” असं सांगितलं. पीटीच्या सरांनी माझ्याकडं बघितलं. मी पुढं होऊन सांगितलं, “काका, ही मशीद आहे. जुनी.” ते म्हणाले, “हो का? इतक्या वेळा आलो, कुणी सांगितलंच नाही.” त्यांनी नातवाला पुन्हा बोलावलं आणि नीट दाखवली. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. माहिती नव्हती, इतकंच.

जवळच अंबरखाना आहे. मुलं हमखास विचारणार, हा मलिक अंबरचा का? नाही. ‘अंबार’ म्हणजे धान्याचा साठा, त्यावरून अंबरखाना म्हणजे धान्याचं कोठार. असा अंबरखाना पन्हाळ्यावरही आहे. आपल्याला आवडतं म्हणून एखादी गोष्ट आपल्या नावावर घेऊ नये, हेही इथंच सांगून टाकायचं.

आणि आणखी एक थांबा, जो आपल्याला आवडणार नाही. कोळी चौथरा. १६५० च्या सुमाराला या भागातल्या महादेव कोळ्यांनी मुघलांविरुद्ध उठाव केला. तो मोडल्यावर पकडलेल्यांची इथं कत्तल झाली, असं परंपरा सांगते. आपण सौदागर घुमटापाशी थांबायचं, कमानी मशिदीचं कौतुक करायचं आणि चौथऱ्याजवळून मान खाली घालून पुढं जायचं, हे बरोबर नाही. मेलेले या डोंगरांतलेच गरीब लोक होते. आमच्या आराखड्यात इथं पाच मिनिटं शांत उभं राहायचं लिहिलंय.

तसंच १६५७ चं. तोवर जुन्नर मुघलांकडं गेलं होतं. शिवरायांनी रात्री जुन्नरवर छापा घातला. तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. ज्या गावाच्या डोक्यावर जन्म झाला त्याच गावावर छापा. कारण तो हल्ला मुघलांच्या ठाण्यावर आणि खजिन्यावर होता, जन्मगाव किंवा धर्म यांचा त्यात हिशेब नव्हता. आणि हा जन्माचा गड पुढं त्यांना हयातीत परत घेता आला नाही. इतिहास मुलांना असा सगळा सांगितला तर ती घाबरत नाहीत. अर्धा सांगितला की उरलेला अर्धा त्यांना मोबाइलवर भलताच कुणीतरी सांगतो.

दुसरा दिवस, दुपार : लेण्याद्री आणि ‘यवन’

जेवून, जरा आराम करून चारनंतर लेण्याद्रीला. जुन्नरपासून सुमारे पाच किलोमीटर. वाटेत कुकडीचा पूल. पुलावर सायकल बाजूला लावून मागं बघायचं : शिवनेरी इथून अख्खा दिसतो. डोंगराच्या पायथ्यापासून अडीचशेच्या वर पायऱ्या. वर बौद्ध लेण्यांची रांग, साधारण तीस. त्यांतल्या सातव्या लेण्यात गिरिजात्मज गणपती, अष्टविनायकांपैकी एक. भिक्खूंच्या विहारात गणपती बसला आणि दोन्ही एकमेकांच्या सावलीत राहिले.

इथल्या पायऱ्यांवर बसून एका शब्दाची गोष्ट सांगायची आहे. जुन्नरच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतले दानलेख आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. मानमोडीच्या एका लेखात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचं दान आहे, वर्ष ४६. शेतकरी, व्यापारी, कारागीर यांचीही दानं आहेत. आणि त्यांत काही दाते स्वतःला ‘यवन’ म्हणवतात. इरिल नावाच्या यवनानं पाण्याची दोन टाकी दिली. चिट नावाच्या यवनानं भिक्खूंसाठी भोजनमंडप दिला.

मी शाळेत होतो तेव्हा यवन हा शब्द मला टोचायचा. जुन्या बखरींत, गोष्टींत, नाटकांत यवन म्हणजे मुसलमान. बाई धडा वाचायच्या आणि वर्गातल्या चार मुलांच्या नजरा आमच्या बाकाकडं वळायच्या. बीएड करताना कधीतरी कळलं की मूळ शब्द आयोनियावरून आला, म्हणजे ग्रीक लोक. इस्लामचा जन्मही झाला नव्हता तेव्हाचे. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांत उतरून घाट चढून ते जुन्नरला आले, इथं राहिले, इथली नावं घेतली आणि आल्यागेल्याला पाणी मिळावं म्हणून टाकं खोदून दिलं. दगडात त्यांनी अभिमानानं ‘यवन’ कोरून घेतलं. आमच्याकडं सबील लावतात, तसंच हे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणाला हा शब्द टोचत असेल तर त्याला या टाक्यांची गोष्ट माहीत असावी, एवढंच मला हवंय.

ओझर आम्ही सहलीतून वगळलं. देवस्थान छान आहे, येडगावच्या धरणाचं पाणीही सुंदर, पण त्याच दिवशी तिथं गेलं तर परत यायला अंधार होतो. या तालुक्यात उसाच्या फडांत बिबटे आहेत. माणिकडोहला त्यांच्यासाठी निवारा केंद्रच आहे. मुलांना घेऊन पहाटे आणि तिन्हीसांजेनंतर सायकलवर फिरायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मोठ्यांनी एक दिवस वाढवून ओझर जरूर करावं.

तिसरा दिवस : नाणेघाट, आणि नदीबरोबर उतरायचं

जुन्नर ते नाणेघाट सुमारे ३० ते ३५ किलोमीटर. वाट आपटाळे, चावंड, घाटघर अशी. जाताना उगमाकडं जायचं म्हणजे एकूण चढच. पाहणीत आम्ही दोघं चढत गेलो आणि चावंडच्या पुढं माझी हवा गेली. सायकलची नव्हे, माझी. पीटीचे सर म्हणाले, “सर, पोरांना उलटं आणू. टेम्पोनं वर जाऊ, नदीसोबत खाली येऊ.” हेच ठरलं.

या निर्णयाला इतिहासातही एक साथीदार सापडला. १६७० च्या दशकात जॉन फ्रायर नावाचा इंग्रज डॉक्टर मुंबईहून जुन्नरला आला. इथल्या मुघल अधिकाऱ्याला वैद्य हवा होता. वर येताना त्याला भलत्याच अवघड घाटानं आणलं, हाल झाले. परतताना तो नाणेघाटानं उतरला आणि ही वाट किती सोपी हे त्याला कळलं. वाट आधी विचारून घ्यावी, हा धडा साडेतीनशे वर्षं जुना आहे.

नाणेघाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असं मानतात. जवळच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला मोठा प्राकृत लेख. यज्ञ केले, गाई-घोडे-नाणी दान दिली, त्यांचे आकडे. भारतातल्या जुन्यात जुन्या कोरलेल्या अंकांमध्ये हे धरले जातात. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, वर कोरलेली नावं राहिली. त्यांतला एक जण ‘महारठी’ आहे. एका बाईनं, दोन हजार वर्षांपूर्वी, हिशेब लिहून ठेवला म्हणून आज तिचं घराणं आपल्याला माहीत आहे. कागदी लोकांनी आपलं नाव कुठं लिहिलं नाही, म्हणून ते विसरले गेले. हे मुलींना मुद्दाम सांगायचंय.

कड्यावरून खाली कोकण दिसतं. तिथून परत फिरून कुकडेश्वर. कोरीव दगडी शिवमंदिर, गार सावली, शेजारी नदीचा उगम. पाण्याच्या बाटल्या इथं भरून घ्यायच्या. मग चावंडचा किल्ला बाजूला ठेवून माणिकडोहच्या जलाशयाच्या कडेनं खाली. तीन दिवसांतला सगळ्यात देखणा टप्पा हाच. डिसेंबरात पाणी भरलेलं असतं, काठावर कांद्याची रोपं, समोर डोंगरांच्या रांगा. कुठंही थांबा, घाई करू नका.

ज्यांच्याकडं चौथा दिवस आहे त्यांनी गाडीनं खाली निघोजला जावं. तिथं याच कुकडीनं पात्रातल्या खडकात रांजणखळगे कोरलेत. नदीच्या एका टोकाला माणसानं घडवलेला रांजण, पुढं नदीनं स्वतः घडवलेले शेकडो.

सोबत काय घ्यावं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात घाटमाथ्यावर धुकं आणि समोरून वारा. गिअरची सायकल असली तर बरं, नसली तरी उलट्या दिशेनं आल्यावर चालतं. दर पाच जणांमागं एक पंप, पंक्चरचं सामान, दोन जादा ट्यूब. आपटाळ्याच्या पुढं दुकानाचा भरवसा धरू नये. डोक्याला हेल्मेट. रांगेत पुढं एक शिक्षक, मागं एक, टेम्पो शेवटी. प्रत्येकाकडं वही-पेन, कारण मोबाइलवर काढलेला फोटो कुणी पुन्हा बघत नाही. आणि कुठल्याही वास्तूवर नाव लिहायचं नाही. आपली नोंद राहावी असं वाटत असेल तर वहीत लिहायचं.

फोन

परत आल्यावर मी गॅरेजवाल्या भाईंना फोन केला. म्हटलं, “टोपी घालायची की नाही, ते त्याला ठरवू द्या. हेल्मेटखाली तशीही दिसणार नाही. गडावर हेल्मेट काढलं आणि टोपी असली, तरी मी त्याच्या शेजारी असेन, आणि पीटीचे सरही. वर एक मशीद आहे, एका दरवाज्याला पिराचं नाव आहे. त्याला तिथं चोरासारखं जायची गरज नाही. कुणी काही विचारलं तर काय सांगायचं, ते मी त्याला शिकवून नेतो.”

वातावरणाची काळजी खोटी आहे असं मी त्यांना म्हटलं नाही. ती खोटी नाही. पण ती ऐकून मुलाला घरी ठेवलं, तर तो गड आपोआप दुसऱ्यांचाच होतो आणि मग त्या काकांच्या नातवाला मशीद दाखवायला तिथं कुणी नसतं.

पलीकडं थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, “सर, गॅरेजमध्ये माझी जुनी ॲटलस पडलीय. चेन नवी टाकली तर चालेल. पंक्चर काढायला कुणी लागेलच ना तुम्हाला?”

पीटीच्या सरांनी यादीत एक नाव वाढवलंय. थांबे आता चारचे नऊ झालेत.